साहेबांच्या घरचं माणूस

आमच्या खात्यात औषधांचा साठा संपतो, किश्शांचा संपत नाही. गोळीला एक्सपायरी डेट असते, किश्शाला तीही नाही. मी टीबीच्या केंद्रात सुपरवायझर आहे. मोटारसायकलच्या एका पिशवीत गोळ्या, दुसरीत थुंकीच्या रिकाम्या डब्या, आणि दिवसभर गावोगाव फेरी. संध्याकाळी परत येतो तेव्हा गोळ्या वाटून झालेल्या असतात, डब्या भरलेल्या असतात, आणि डोक्यात एखादा किस्सा घरघरत असतो.

आधीच सांगून ठेवतो, लोणार ते साखरखेर्डा या पट्ट्यात माझी ख्याती बरी नाही. लोणारचं विवर उल्का पडून झालं, हे शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे. ते माझ्या पणज्याच्या शिंकेनं झालं, हे माझ्याशिवाय कोणी सांगत नाही. त्यामुळे माझी खोटी गोष्ट लोक चहा पाजून ऐकतात, आणि खरी सांगायला लागलो की म्हणतात, "सोनुनेभाऊ, आता पुरे."

खाली जे सांगतोय त्यात एक मोठी थाप आहे. ती मी कुठे मारली, तेही सांगणार आहे. बाकी सगळं खरं आहे, आणि माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे.

*

सुरुवात सिंधूपासून करतो. सुलतानपूरच्या पुढे एक गाव आहे, नाव नको. गावात शिरायच्या आधीच रस्त्याला लागून एक घर. घरात सिंधू आणि तिची सासू गोदाबाई. सिंधूचा नवरा लांब शहरात कंपनीत कामाला, सणावारीच येणारा. सिंधूचं लग्न नवंनवं, आणि खोकला मात्र जुना.

मी डबी दिली. नेहमीचं भाषण दिलं. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, छातीतून खाकरून काढायचं. लाळ नको, बेडका पाहिजे. सिंधू पदराआडून मान हलवत होती, गोदाबाई चुलीपासून कान देऊन ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी डबी आली. आमचे लॅबवाले इंगळे एरवी कुठल्याच नमुन्याला नमुना म्हणत नाहीत. त्यांनी डबी उजेडात धरली आणि म्हणाले, "सोनुने, याले म्हंतात सॅम्पल!"

रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी तोंड पाडून तिच्या घरी गेलो आणि सिंधूला सांगितलं.

"भाऊ, मी त थुंकलीच नाही."

"मंग कोण थुंकलं?"

"म्या," गोदाबाई आतून म्हणाली. "सून नवी हाय. परक्या माणसाच्या डबीत थुंकीन काय ते? काई रीतभात हाय का नाही?"

"मावशी," मी म्हटलं, "मग टीबी तुम्हाला आहे."

गोदाबाईनं फुंकणी खाली ठेवली.

"मले काऊन?" ती म्हणाली. "म्या त तिच्या नावानं थुंकली."

मग सिंधूची खरी डबी घेतली. तीही पॉझिटिव्ह. दोघींचं औषध एकाच दिवशी सुरू झालं. इंगळे म्हणाले, "एका डबीवर दुसरा पेशंट फ्री."

*

त्याच सुमारास ते गाव क्षयमुक्त झालं.

कसं झालं म्हणता? सोपं असतं. ज्या गावात डब्या वाटत नाहीत त्या गावात टीबी सापडत नाही. पण इथे दोघी आधीच सापडल्या होत्या, त्यांचं काय करायचं? मी सरपंचांना तेच विचारलं. सरपंच अनुभवी माणूस. म्हणाले, "भाऊ, त्या गावठाणाच्या बाहेर राह्यतात. गावात कोण हाय? कोणीच नाही."

झालं. फलक रंगवून आला. पिवळ्यावर निळी अक्षरं, कडेनं फुलांची नक्षी. आता फलक लावायचा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे, आणि रस्त्याकडे तोंड असलेली चांगली भिंत गावात एकच होती. गोदाबाईची. माणसं मोजायला घर गावाबाहेर होतं, भिंत वापरायला गावात आलं.

पाहुणे म्हणून कुठलेसे मोठे अधिकारी आले. फलकावरचा कपडा ओढला, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्या तशी भिंतीमागून सिंधू खोकली. असं खोकली की नारळ धरलेल्या माणसाच्या हातातला नारळ हलला. हा नारळ मी हलवलेला नाही, खरंच हलला.

अधिकाऱ्यांनी मान वळवली. "कोण खोकतंय?"

सरपंच एक क्षणही अडखळले नाहीत. "शेळी हाय, साहेब."

साहेब समाधान पावले. तिथे आरोग्य खात्याची अर्धा डझन माणसं उभी होती, मीही होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यानंतर सिंधू मला बघितलं की विचारायची, "भाऊ, शेळीच्या गोळ्या आनल्या का?"

*

आणि मग एका आठवड्यात गोळ्या आल्या नाहीत.

केंद्रात चौकशी केली तर उत्तर ठरलेलं. "वरून आल्या नाहीत." आम्ही घाटावरची माणसं. बुलढाणा जिल्ह्यात आमच्याहून वर जायचं म्हणजे झाडावरच चढावं लागतं. तरी औषध आमच्याहून वर कुठेतरी अडकलेलं असतं, आणि त्या 'वर'चा पत्ता आजवर कोणी मला दिलेला नाही.

पुढे थोडा माल आला. दोघींना पुरेल एवढा नव्हता, एकीपुरता होता. मी सिंधूच्या हातात दिला आणि सांगितलं, मावशींचा येतोय मागून. ही थाप नव्हती. मला तसंच सांगितलं होतं.

मागून काही आलं नाही. आणि त्या घरात काय झालं ते मला फार उशिरा कळलं. दोघी सकाळी चुलीपाशी बसायच्या. सिंधू अडकित्ता घ्यायची, सुपारी फोडतात तशी गोळी फोडायची, आणि अर्धी सासूच्या तळहातावर ठेवायची. तुकडे कमी-जास्त झाले तर मोठा सासूला. घरात आलेली वस्तू एकट्यानं खायची नाही, ही त्या घराची शिस्त. भाकर असो, आंबा असो, गोळी असो.

आता हा जंतू म्हणजे कसा, पूर्ण डोस मिळाला तर मरतो आणि अर्धा मिळाला तर शिकतो. इंगळे म्हणतात, "आपल्या तालुक्यात शाळा नीट चालो न चालो, जंतू दरसाल वरच्या वर्गात जाते." गोदाबाई हाडाची कणखर. उशिरा का होईना, पूर्ण औषध मिळालं आणि ती निभावून गेली. सिंधूचा जंतू मात्र पास झाला. नेहमीच्या गोळ्यांना तो आता भीक घालत नव्हता.

आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याकडच्या, मनानं चांगल्या, पण हे कळलं त्या दिवशी त्यांचा पारा चढला. "अहो, औषध काय वाटून खायची गोष्ट आहे का? एवढंही कळत नाही?"

सिंधू बाकावर बसून होती. मास्कच्या वरून फक्त डोळे दिसत होते. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, घरात आजारी दोघी, गोळ्या एकीच्या. एकीले मारायचं ठरलं होतं त कोनतीले, ते तुम्ही सांगतलं असतं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "सोनुने, आता तिला मोठं औषध. आणि हे जर मध्ये तुटलं ना, तर पुढे देण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही. एकही दिवस तुटता कामा नये. कळलं?"

मला कळलं होतं. कळायला हवं होतं ते त्या 'वर'च्या माणसाला.

*

मोठं औषध म्हणजे जेवणाच्या ताटाशी वैर. अन्न दिसलं की मळमळ. वर एका गोळीनं अंगाचा रंग काळवंडतो, औषध संपलं की हळूहळू परत येतो. हे मी सिंधूला समजावलं होतं, पण गावाला कोण समजावणार? शेजारची एक बाई पाण्याच्या टाकीपाशी चारचौघींत म्हणाली, "मायबाई, किती काळी पडली व सिंधू."

सिंधूनं हंडा कमरेवर घेतला. "मी औषधानं काळी हाव. बरी झाली की उजळीन. तुमचं काय ते पाहा, तुम्ही त बिनाऔषधाच्याच अशा."

त्याच दिवसांत पोषण आहाराची टोपली देण्याचा कार्यक्रम झाला. टोपली एक, दाते भरपूर. फोटो काढताना टोपलीला एवढे हात लागले की टोपलीच दिसेना. फोटोवाला ओरडला, "पेशंट थोडे बाजूला व्हा, साहेब झाकले जातात." सिंधू बाजूला झाली. फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं, 'रुग्णासमवेत मान्यवर.' गोदाबाईनं तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "यात रुग्ण कोनता, बाप्पा? हा ढेरीवाला?"

*

मग निवडणूक आली.

मतदानाच्या दिवशी मी त्याच रस्त्यानं चाललो होतो. बघतो तर फलकाच्या भिंतीसमोर पांढरी जीप उभी. आप्पासाहेबांची. आप्पासाहेब म्हणजे मोठे पुढारी. नाव अर्थातच खोटं, खरं सांगितलं तर माझी बदली अशा ठिकाणी होईल जिथे थापा मारायला माणूसच मिळणार नाही. जीपचं दार उघडून त्यांचा कार्यकर्ता पिंट्या उभा होता. हा पिंट्या एरवी सिंधूच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा. त्या दिवशी रुमाल खिशात होता.

"चाला वहिनी, बसा. मावशी, तुम्हीबी बसा, सीट मोठी हाय."

सिंधू मागे सरकली. "भाऊ, मले खोकला हाय. गाडीत बाकीचे लोक..."

"अवं वहिनी, असं काऊन बोलता? तुम्ही काय परके हाय का? साहेबाच्या घरचंच माणूस तुम्ही!"

तिला हाताला धरून बसवली. उशीसुद्धा दिली पाठीला. बसताना सिंधूनं विचारलं, "भाऊ, येताना गाडी जरा दवाखान्यावरून घेता काय? माझ्या गोळ्या आनायच्या हायेत."

"हाव, पाहू नं," पिंट्या म्हणाला.

दुपारी मी गोळ्या घेऊन त्या बाजूला आलो तर मतदान होतं त्या शाळेच्या अलीकडे, बाभळीच्या सावलीत सिंधू बसलेली. तोंडाला मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. शेजारी गोदाबाई पदरानं वारा घालत होती.

"मावशी, जीप कोठी गेली?"

"जीप जायाची होती, बाप्पा," गोदाबाई म्हणाली. "यायाची नव्हती."

*

आणि मग, ज्याची मला भीती होती, तेच. मोठं औषध आलं नाही.

मॅडमनी फोन केले, पत्रं लिहिली, मीटिंगमध्ये आवाज चढवला. उत्तर तेच, वरून नाही. सिंधूकडच्या गोळ्या संपत आल्या. मी गेलो तेव्हा तिनं उरलेली पट्टी माझ्यापुढे धरली. "भाऊ, आता अर्ध्या करून खाऊ का? दोन दिवस जास्त जातीन."

मी तिच्यावर खेकसलो. आयुष्यात पहिल्यांदा पेशंटवर खेकसलो. खेकसायचं होतं दुसऱ्यावर, पण समोर तीच होती.

तिथून उठलो तो थेट गोदामावर. कुठलं गोदाम ते विचारू नका. तिथल्या माणसानं मोबाइलवरून मान वर केली नाही.

"साहेब, औषध पाह्यजे. बाई मरून जाईन."

"वरून आलं नाही."

"वर म्हंजे कोठी? गाव सांगा, मी गाडी घेऊन जातो."

"तू कोणाशी बोलून राह्यला, समजते का तुले?" तो म्हणाला. मोबाइलमध्ये कोणीतरी हसलं.

मी बाहेर आलो. समोर रसवंती. रसवाल्याचा फोन मागून घेतला, गोदामाचा नंबर लावला, घसा साफ केला. मित्रहो, माझी मोठी थाप ती हीच. मी 'मले-तुले' उतरवून ठेवलं आणि मॅडमची भाषा अंगावर चढवली. थोडी नाकातून, थोडी तुसडी.

"नमस्कार. मी आप्पासाहेबांच्या बंगल्यावरून बोलतोय. आपल्याकडे सिंधू म्हणून एक पेशंट आहेत. साहेबांच्या घरच्या आहेत. त्यांचं औषध थांबलंय असं साहेबांच्या कानावर आलंय. साहेबांनी आपलं नाव विचारलंय. नाव काय आपलं?"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. तो फोनमधूनही आला आणि समोरच्या खिडकीतूनही.

माझा रस पिऊन व्हायच्या आत गोदामासमोर जीप लागली. ऊन उतरायच्या आधी औषध आमच्या केंद्रावर होतं. एकीपुरतं मागितलं होतं, भीतीपोटी खोकंभर आलं. मोठं औषध घेणारे आमचे सगळेच पेशंट त्या दिवशी साहेबांचे नातेवाईक झाले. आणि हे खोकं कुठून आलं? वरून नाही. शेजारच्या जिल्ह्यातून. तिथे ते फळीवर पडून होतं. मागायची तसदी कोणी घेतली नव्हती.

गोदामवाला स्वतः जीपमधून उतरला. मघाशी त्यानं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओळखण्याचा प्रश्न नव्हता. मलाच हात जोडून म्हणाला, "भाऊ, आधीच सांगायचं ना, साहेबांच्या घरचं माणूस हाय म्हनून. आपण काय परके हाओत का?"

सिंधूच्या पट्टीत दोनच दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. नवी पट्टी संध्याकाळी तिच्या हातात पडली. तुटलं नाही.

*

थाप मारणाऱ्याला एक नियम पाळावा लागतो. थाप मारून झाली की तिचं तोंड परत बघायचं नाही. पण माझी थाप चालत माझ्याकडे आली.

पंधरवडा गेला असेल. गोदामवाल्यानं आपली सेवा साहेबांच्या कानावर घातली असणार. एका सकाळी गोदाबाईच्या भिंतीसमोर दोन गाड्या थांबल्या. पहिलीतून साहेबांचे पीए उतरले, पांढरे कपडे, कडक इस्त्री. दुसरीतून फोटोवाला आणि फळांची टोपली घेऊन पिंट्या. मी आत गोळ्या देत होतो. पळायला मागचं दार नव्हतं.

"सिंधू," मी हळूच म्हटलं, "काही बोलू नको. नुसती खोक."

"आता खोकला येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "औषध लागू पडलं."

पीए ओसरीवर बसले. टोपली मध्ये ठेवली. गोदाबाईनं चहा टाकला. पीए गोड बोलत होते, पण डोळे घरभर फिरत होते. पत्रे, चूल, दोरीवरचं लुगडं. साहेबांच्या नातेवाइकांची घरं त्यांना पाठ असणार, हे त्यात कुठे बसत नव्हतं. पिंट्या टोपलीतलं सफरचंद उगाच पुसत होता.

"तब्येत कशी आहे ताई?"

"बरी हाय."

"साहेबांना काही निरोप?"

"गोळ्या पुढच्या अमोशापर्यंतच पुरतीन," सिंधू म्हणाली. "मंग पुन्हा लागतीन."

"हो, हो, ते होईलच." पीएंनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि थोडे पुढे सरकले. आवाजातला गोडवा गेला होता. "पण ताई, राग मानू नका. साहेबांना मी विचारलं, तर त्यांच्या लक्षात येईना. तुम्ही त्यांच्या नेमक्या कोण लागता? आईकडून, की वडलांकडून?"

एवढ्या वर्षांच्या थापा, आणि ऐन वेळी एकही सुचेना. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिंट्याकडे पाहिलं. मग पदराआडचा डावा हात बाहेर काढला आणि पहिलं बोट पीएंच्या डोळ्यांसमोर उभं धरलं. नख वाढलं होतं, त्याच्याबरोबर मतदानाची शाई वर सरकली होती. पण होती.